उसने कान

वाटी पडली. कडेवर उभी राहून फरशीवर गरगरली, मग कलत गेली, आवाज बारीक बारीक होत गेला आणि ती निपचित झाली.

एरवी कुणाला कळलंही नसतं. पण आज मागांची सुट्टी होती. इचलकरंजीच्या या गल्लीत आठवड्याचे सहा दिवस भिंतींनासुद्धा खटाक-खटची सवय असते. सातव्या दिवशी माग थांबले की घरं एकदम मोठी वाटायला लागतात. माणसं सवयीने ओरडून बोलतात आणि मग स्वतःच दचकतात.

"झोपली एकदाची," असं म्हणत प्रणिता वाटी उचलायला वाकली.

"थांब ना आई," भार्गवीने बोट वर केलं. वय वर्षं सहा, पुढचे दोन दात पडलेले, ताटातला भात अर्धा तसाच. "अजून वाजतीय."

प्रणिता वाकलेलीच राहिली. तिच्यासाठी खोलीत काहीच वाजत नव्हतं.

"अजून... अजून... हां. आता थांबली."

दुसरी कुठली आई असती तर हसून पोरीच्या तोंडात घास कोंबला असता. प्रणिताला मात्र तसं हसता येईना, कारण तिचं कामच कानांचं होतं.

तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीने गावात येऊन बारा श्रोते निवडले होते. काम ऐकायला मजेशीर होतं. फिरता फिरता गाणी ऐकायची, तीही दोन तऱ्हांनी. एकदा कानाच्या नळीत बसणाऱ्या इवल्या इअरबडवर आणि एकदा अख्खा कान झाकणाऱ्या मोठ्या हेडफोनवर. मग कुठलं सरस ते लिहून द्यायचं. बंद खोलीत सगळीच यंत्रं गोड वाजतात, खरी परीक्षा गोंगाटात होते, म्हणून कंपनी यंत्रमागांच्या गावात आली होती. कापूस आणि सुतात आयुष्य गेलेल्या गल्लीने पहिल्याच आठवड्यात दोघांचं बारसं करून टाकलं. नळीतल्या इअरबडला बोंडं आणि मोठ्या हेडफोनला कानटोपी.

"बोंडं घालून फिरायचे पैसे मिळतात तुला?" शेजारची सुरेखाकाकू विचारायची. "मग आमचं हे तर करोडपती व्हायला पायजेत. दिवसभर माझं काय ऐकतच नाहीत."

प्रणिता बसस्टँडवर उभी राहून ऐकायची, चालत्या रिक्षात ऐकायची, मागांच्या शेडच्या दारात उभी राहून ऐकायची. गाणाऱ्या बाईचा श्वास ऐकू येतो का? तबल्याच्या डग्ग्याला वजन आहे का? तासाभराने डोकं जड होतं का? रोज रात्री पोर झोपायच्या आत ती उत्तरं भरायची. पगारापेक्षा तिला त्या प्रश्नांचीच ओढ लागली होती. लग्नाला आठ वर्षं झाली होती, नवरा चाकणच्या कारखान्यात, पंधरा दिवसांतून एकदा घरी येणारा. सासरे, पोर, धुणं, शाळा. या सगळ्यात "तुम्हाला काय वाटतं?" असं तिला रोज विचारणारं जगात तेवढं एकच कुणीतरी होतं.

दोन्ही यंत्रांचे गुण वेगळे. आपल्या बाहेरच्या कानाच्या ज्या घड्या-वळ्या असतात, त्या नुसत्या शोभेच्या नसतात. आवाज त्यांच्यावर आपटून, वळसे घेऊन आत जातो, आणि मेंदू तेवढ्यावरून ओळखतो की भांडं मागे पडलं की पुढे, वर की खाली. कानटोपीत त्या घड्या कामाला येतात, म्हणून गाणं समोर मांडल्यासारखं वाटतं. बोंडं घड्यांना वगळून थेट नळीत शिरतात आणि गाणं डोक्याच्या आत वाजायला लागतं. पण बोंडं नळी घट्ट बंद करतात, बाहेरचा गलका अडवतात, खिशात मावतात, उन्हाळ्यात कान उकडवत नाहीत.

शिवाय हल्लीच्या बोंडांना एक नवी विद्या आली होती. आपला कान नुसता ऐकत नाही, तो बोलतोही. आतल्या शंखात पाण्यात बुडालेल्या हजारो केसपेशी असतात. आवाज आला की त्या नाचतात, बारीक सुराला बळ देतात, आणि नाचता नाचता त्यांचा स्वतःचा एक अगदी सूक्ष्म ध्वनी पडद्यातून उलटा बाहेर येतो. बोंडाच्या टोकाला मोहरीएवढा मायक्रोफोन असतो, तो हे उत्तर टिपतो. जिथे उत्तर भरघोस तिथे कान शाबूत, जिथे विरळ तिथे पेशी झिजलेल्या. त्यावरून बोंड त्या माणसाच्या कानाचा नकाशा काढतं, आणि जिथे खड्डा असेल तिथे आवाजाची भर घालतं. बोंड जणू चष्म्यासारखं ज्याच्या त्याच्या नंबराचं होतं. कानटोपीला हे जमत नव्हतं. तिच्या पोकळीत बाहेरचा गलका शिरायचा आणि कानाचं पुटपुटणं त्यात हरवायचं.

श्रोत्यांचे कान मात्र मुळातच चांगले हवेत, असा कंपनीचा नियम होता. दर तीन महिन्यांनी बोंडं घालून सात मिनिटं स्वस्थ बसायचं, म्हणजे हाच नकाशा नव्याने निघायचा. फोनच्या पडद्यावर हिरवं आलं तर पुढे काम, पिवळं आलं तर ताकीद, दुसऱ्यांदा पिवळं आलं तर रामराम. "मोजपट्टीच झिजलेली असेल तर कापड कसं मोजणार?" निवडीच्या दिवशी कंपनीची बाई म्हणाली होती, आणि कापडाच्या गावाला ते लगेच पटलं होतं.

गेल्या वर्षी प्रणिताला पिवळं आलं. वरच्या पट्ट्या, म्हणजे बारीक सुरांच्या, विरळ. लग्नाआधी दोन वर्षं ती शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला बसत होती, त्याचं हे व्याज असावं.

पुढच्या तपासणीच्या दुपारी ती बोंडं हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली. धुणं वाळत होतं, आप्पा, म्हणजे तिचे सासरे, ओसरीवर पेंगत होते. समोर भार्गवी कार्टून बघत होती. तिचे कान पातळ, उन्हाचा उजेड आरपार जाणारे.

"भारू, इकडं ये. हे घालून बस सात मिनिटं. हलायचं नाही."

"मग?"

"मग फोनवर कार्टून बघ, आवाज यातनंच."

हिरवं आलं. नुसतं हिरवं नाही, गर्द हिरवं. प्रणिताने सुटकेचा श्वास टाकला आणि पदर तोंडावर घेऊन जमिनीवर आडवी झाली. कार्टूनची ती वीस मिनिटं तिला फुकटात मिळाली होती. पोर गप्प, घर गप्प. तशी झोप तिला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. ती लाच मग रोजचीच झाली.

दुसऱ्याच दिवसापासून बोंडं तिला बोथट वाटायला लागली. तिला कारण ठाऊक होतं. यंत्राच्या लेखी आता तिच्या कानात खड्डाच नव्हता, म्हणून ते भर घालत नव्हतं. उलट नळी अरुंद दिसली म्हणून त्याने वरच्या पट्ट्या आणखी दाबल्या होत्या. गाणारीचा श्वास गेला, झांज मातीची झाली. प्रणिता आवाज वाढवायची, आणखी वाढवायची, आणि तरी रात्री लिहायची, 'कानटोपी सरस'. खोटं लिहायचं नाही एवढं तिने ठरवलं होतं. जे ऐकू आलं ते लिहायचं. आपल्या प्रामाणिकपणाचं तिला त्यातल्या त्यात बरंही वाटायचं.

आणखी दोन तपासण्या तशाच पार पडल्या. तिसरीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे कालच, आप्पांनी तिला हाक मारली होती. आप्पा चाळीस वर्षं मागांवर जॉबर होते, माग दुरुस्त करण्यात हयात गेली आणि त्यात दोन्ही कानही गेले. आता ते समोरच्याचे ओठ वाचत. शेडमध्ये सगळेच वाचतात.

"प्रणिता, पोरगी मान वळवती बघ."

"काय?" तिने ओठ मोठे करून विचारलं.

"हाक मारली की उजवी बाजू पुढं करती. मी बी सुरवातीला असंच करत हुतो. तुझ्या सासूला वाटायचं, मी तोरा दावतोय."

"खेळात असते हो ती. लक्ष नसतं."

"असंल," आप्पा म्हणाले. "मला काय, बहिऱ्याला."

आज मागांच्या सुट्टीला, वाटी उचलून ठेवली आणि भार्गवी शेजारी खेळायला पळाली, तेवढ्यात पुण्याहून डॉक्टर लतिका सोहनी आल्या. कंपनीच्या श्रवण विभागाच्या प्रमुख. पन्नाशीच्या, पहाटेच्या बसने आल्यामुळे डोळे चुरचुरत असलेल्या, खांद्यावर जड पिशवी. आधी पाणी प्याल्या, मग चहा, आणि मग चपला काढून सतरंजीवरच पाय पसरले.

"बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "प्रणिताताई, तुम्ही आमची झोप उडवलीय, माहितेय का?"

"मी काय केलं मॅडम?"

"सगळ्या गावांचे मिळून पंचेचाळीस श्रोते. चव्वेचाळीस म्हणतात बोंडं. तुम्ही एकट्या म्हणता कानटोपी. सहा महिने सलग."

"मला ऐकू आलं ते लिहिलं."

"तेच तर! दुसरं कुणी असतं तर बाजूला सारलं असतं. पण कान तुमचे आहेत. सगळ्या गटात एवढे सुंदर कान नाहीत कुणाचे. आमच्याकडची पोरं गमतीने म्हणतात, ही बाई बालवाडीत जाते की काय." त्या हसल्या. "कंपनीला कानटोपी बंद करायचीय. तुमच्या एका मतापायी तो कागद अडलाय."

प्रणिताने चहाचा कप उगाच पुसला. ओसरीच्या उंबऱ्याशी आप्पा बसले होते, पाहुणीच्या तोंडाकडे टक लावून.

"पण मी त्यासाठी नाही आले," सोहनीबाईंनी पिशवीतून टॅब काढला आणि तिच्यासमोर धरला. "परवाची तपासणी. फोनवर सांगणं बरं वाटेना. हा उजवा, ठीक आहे. हा डावा."

दोन रेघा होत्या. वरची फिकट, खालची ठळक. चार हजार हर्ट्झपर्यंत हातात हात घालून चालत होत्या, आणि मग ठळक रेघ एकदम खाली बसली होती.

"फिकट आहे ती तीन महिन्यांपूर्वीची. तेव्हा इथे डोंगर होता. आता बघा, माळ झालाय. एवढं एकदम उतरलं कशाने? कुठे फटाका वगैरे वाजला का कानाशी?"

प्रणिता रेघेकडे बघत राहिली.

"डावाच न्हवं?" उंबऱ्यातून आप्पांचा आवाज आला, बहिऱ्या माणसाचा असतो तसा मोठा. "मी म्हणत हुतो की!"

सोहनीबाईंनी वळून पाहिलं. "काय म्हणतायत आजोबा?"

वाट अजून मोकळी होती. काही नाही मॅडम, त्यांना ऐकू येत नाही, असं म्हटलं की संपलं. चहाचा दुसरा कप द्यायचा, ताकीद घ्यायची, बाईंना बसमध्ये बसवून द्यायचं. पण मग त्या रेघेबद्दल विचारायचं कुणाला?

"हे बरं होतं का मॅडम?"

"सर्दी असेल, पडद्यामागे पाणी साचलं असेल तर उत्तर अडतं आणि मग परत येतं. पण आतल्या पेशीच गेल्या असतील तर नाही. त्या पुन्हा उगवत नाहीत. तुम्हाला सर्दी झाली होती का?"

"मला?"

"मग आणखी कुणाला विचारतेय मी?"

"मॅडम, तो माझा कान नाही."

सोहनीबाईंना कळलं नाही.

"माझ्या मुलीचा आहे. सहा वर्षांची आहे. पहिलीत जाते." एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "मला पिवळं आलं होतं ना, तेव्हापासून. तीनही वेळा तिचेच."

सोहनीबाईंनी रागवायला तोंड उघडलं असावं. पण बाहेर पडला तो साधा, डॉक्टरी प्रश्न.

"बोंडं ती एरवीही घालते?"

"दुपारी. कार्टूनला."

"रोज?"

"रोज. अर्धा तास. कधी..." प्रणिता अडखळली. "कधी माझा डोळा लागतो. मग जास्त."

"आणि आवाज?"

"मी ठेवलेला असतो तोच."

"दाखवा."

प्रणिताने फोन पुढे केला. सोहनीबाईंनी तो पाहिला, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"मुलाने घातली आहेत हे कळलं की बोंड आवाजाला आपोआप लगाम घालतं," त्या म्हणाल्या. "पण त्याच्याकडे नोंद एकतीस वर्षांच्या बाईची. ते कशाला अडवेल? आणि मुलांची नळी लहान असते. जो आवाज मोठ्या माणसाला चालून जातो, तो तिथे कोंडतो, जास्त जोर करतो. नळी अरुंद आहे हे आमच्या नकाशात दिसत होतं हो. आम्हीही तिकडे लक्ष दिलं नाही. आम्हाला हिरवं दिसत होतं ना!"

"तिला या तपासणीआधी सर्दी होती. पंधरा दिवस नाक वाहत होतं." प्रणिताने हे असं सांगितलं की जणू ती सर्दी म्हणजे कुणी जवळचं माणूस होतं आणि त्याच्या भरवशावर ती बसली होती.

"असेल. सर्दीच असेल. पण मला इथे बसून सांगता येणार नाही. बोंडं आजपासून बंद. उद्याच कानाच्या डॉक्टरकडे न्या."

"हो."

"आणि मला हे लिहावं लागेल, प्रणिताताई."

"लिहा."

"यादीतून तुमचं नाव जाईल. सहा महिन्यांची तुमची मतंही रद्द होतील. म्हणजे कानटोपीही गेली." सोहनीबाई पिशवी आवरायला लागल्या, मग मध्येच थांबल्या. "एक विचारू? आता काही उपयोग नाही त्याचा. पण खरंच कानटोपी सरस वाटली तुम्हाला?"

प्रणिताने विचार केला. तिला तो प्रश्न अजूनही आवडला, आणि आवडला याचीच लाज वाटली.

"काय सांगू मॅडम? कानटोपीतनं मी माझ्या कानांनी ऐकत होते. झिजलेले का असेनात, माझे. बोंडातनं उसन्या कानांनी. मग तुलना कशाची झाली?"

"मला कानटोपीच आवडते," सोहनीबाई चपला घालता घालता म्हणाल्या. "पण माझे कान बावन्न वर्षांचे. मला कोण विचारतंय?"

त्या गेल्यावर आप्पा आत आले. बोंडांची डबी उचलून त्यांनी कपाटावर, आपल्या औषधांच्या मागे ठेवून दिली आणि पुन्हा उंबऱ्यात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले होते. प्रणिता भार्गवीला घेऊन सांगलीला गेली. कानाचे डॉक्टर तरुण होते, त्यांनी भार्गवीला काचेच्या खोलीत बसवलं, टिकटिक ऐकू आली की बटण दाबायला लावलं, कानात दिवा घालून पाहिलं.

"डाव्या पडद्यामागे पाणी आहे थोडं," ते म्हणाले.

"म्हणजे सर्दीच ना?"

"पाणी आहे एवढं नक्की. त्याच्या मागे आणखी काही आहे का, ते पाणी ओसरल्यावर कळेल. तीन आठवड्यांनी या. तोवर शांतता ठेवा."

शांतता कुठल्या गावात राहून ठेवायची, हे तिने विचारलं नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर सावली होती. बसला अवकाश होता म्हणून तिने कोपऱ्यावरच्या गाडीवरून तिखट-मीठ लावलेला पेरू घेतला आणि दोघी तिथेच टेकल्या. प्रणिता न कळत लेकीच्या उजव्या बाजूला बसली. बसल्यावर आपण असं का बसलो हे तिच्या लक्षात आलं.

"आई, आता ती सात मिनिटंवाली परीक्षा नाही?"

"नाही."

"आणि दुपारचं कार्टून?"

"ते टीव्हीवर. हळू आवाजात."

"पण मी तर पास व्हायची ना दर वेळी?"

"व्हायचीस. फार छान व्हायचीस."

"मग का बंद?"

टाळता आलं असतं. सहा वर्षांच्या पोरीला पेरूच्या फोडीवर विसरायला लावणं काही अवघड नसतं. पण सहा महिने टाळून टाळून प्रणिता आता थकली होती, आणि खरं सांगणं तिला त्यातल्या त्यात सोपं वाटलं.

"भारू, माझे कान थकलेत गं. काही काही बारीक आवाज मला येतच नाहीत आता. ते त्या लोकांना कळलं असतं तर त्यांनी मला कामावरून काढलं असतं. म्हणून मी माझ्याऐवजी तुझे कान दाखवले. ते चुकलं माझं. आणि बोंडं तुला रोज घालायला दिली, तेही चुकलं. तुझ्या कानाला त्याचा त्रास झाला असेल."

भार्गवीने पेरूची बी दाढेत धरून कडकन फोडली. मान जराशी वळवून, उजवा कान आईकडे करून ती सगळं ऐकत होती. तिला राग आलेला दिसत नव्हता. गणित समजावून घेताना करायची तसा चेहरा तिने केला.

"थकले म्हणजे परत नीट होत नाहीत?"

"नाही होत."

"सगळ्यांचे थकतात?"

"हळूहळू. सगळ्यांचे."

रस्त्यावरून बस गेली, रिक्षा गेली. भार्गवीने उरलेली फोड आईच्या हातात दिली आणि बोटं फ्रॉकला पुसली.

"मग आई, मी मोठी झाले आणि माझे थकले, की मी कुणाचे दाखवू?"